६४० केबीमध्ये मराठी कशी मावली?

राहुरीहून बोलतोय. ज्यांना ऐकायला सवड नाही, किंवा एसटीत बसल्यावर ज्यांचं नेटवर्क गंडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

आधी एक छोटा हिशेब करू. आपला हा पॉडकास्ट साधारण १२८ केबीपीएसने वाजतो. म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट. आता १९८०च्या दशकातला एक ऑफिसचा कॉम्प्युटर घ्या, आयबीएम पीसी किंवा त्याची नक्कल. त्यात प्रोग्रामला मिळणारी जास्तीत जास्त मेमरी होती ६४० केबी. त्यात माझं बोलणं किती मावलं असतं? ४१ सेकंद. ‘नमस्कार मंडळी’पासून सुरुवात केली तर आपण अजून एसटीतून खालीही उतरलो नसतो.

आणि तुमच्या हातातला फोन ८ जीबी रॅमचा असेल तर त्यात असे ६४० केबी १३,१०७ वेळा बसतात.

हे ऐकून ‘बिचारे कसं काय चालवत असतील’ असं वाटतं. पण माझा आजचा प्रश्न थोडा वेगळा आहे. इंग्रजी त्या ६४० केबीमध्ये आरामात बसली. मराठी कशी बसली? आणि बसवताना जे काही केलं गेलं, त्याची किंमत आपण आजही का मोजतोय?

चला, मुळापासून. म्हणजे खरंच मुळापासून, कारण राहुरीकराला हे समजवायला मुळा धरणाइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

बारागाव नांदूरचं आपलं धरण २६ टीएमसीचं. पेपरात ‘मुळा भरलं’ अशी बातमी आली की आपण खूश होतो. पण पाटबंधारे खात्यातला माणूस लगेच सांगेल, त्यातलं साडेचार टीएमसी मृतसाठा, ते कालव्यात येत नाही. धरण २६चं, हाताला लागतं साडेएकवीस.

आयबीएम पीसीचं अगदी असंच होतं. हा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आला. आत इंटेलची ८०८८ नावाची चिप. या चिपला मेमरीतली जागा शोधायला २० तारा होत्या. एका तारेवर शून्य किंवा एक, दोनच शक्यता. २० तारा म्हणजे दोनाचा विसावा घात, १०,४८,५७६. तेवढ्या बाइटच्या पलीकडे त्या चिपला काही दिसतच नव्हतं. तुम्ही कितीही मेमरी विकत आणा, पत्ताच लिहिता येत नसेल तर पोस्टमन जाणार कुठे?

म्हणजे धरण झालं १ एमबीचं. त्याचे १६ समान भाग करा, एकेक ६४ केबीचा. खालचे १० भाग आयबीएमने प्रोग्रामसाठी ठेवले, वरचे ६ भाग पडद्यासाठी, जोडकार्डांसाठी आणि यंत्र सुरू करणाऱ्या कायमच्या सूचनांसाठी राखून टाकले. आजोबांच्या भाषेत, रुपयातले दहा आणे तुमचे, सहा आणे यंत्राचे. हे दहा आणे म्हणजे ६४० केबी.

इथे एक गोष्ट झटकून टाकू. ‘६४० केबी कुणालाही पुरेल’ असं बिल गेट्स म्हणाले होते, हा मेसेज तुम्हाला कधी ना कधी आला असेलच. गेट्सनी ते अनेकदा नाकारलंय, आणि ते नक्की कुठे नि कधी म्हणाले याचा पुरावा कुणाला सापडलेला नाही. शिवाय १९८१ साली ६४० केबी हा आकडा उधळपट्टीचा वाटावा असाच होता. १९७५च्या अल्टेअरचा पायाभूत संच २५६ बाइटचा, हो, केबी नाही, बाइट. १९७७चा ॲपल टू सुरुवातीला ४ केबीपासून मिळायचा. १९८१चा सिंक्लेअर झेडएक्स८१ तर १ केबीचा. आणि खुद्द आयबीएमचा सर्वात स्वस्त पीसी १६ केबीचा होता. १६ केबीवाल्याला ६४०ची मर्यादा म्हणजे दोन गुंठेवाल्याने जमीनधारणा कायद्याची चिंता करण्यासारखं.

आपल्याकडचं चित्र? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०मध्ये टिफरॅक नावाचा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला होता. त्याची मेमरी ४० बिटांचे २,०४८ शब्द. गुणाकार करून पाहा, आजच्या मापात १० केबी. बारीक चुंबकी कड्यांमधून तारा ओवून केलेली मेमरी. पण ते खोलीभर यंत्र, शास्त्रज्ञांचं. सामान्य माणसाजवळ कॉम्प्युटर यायला नोव्हेंबर १९८४चं संगणक धोरण यावं लागलं. राजीव गांधी सरकारने आयात सोपी केली आणि पीसीच्या देशी नकला वाढल्या. त्याच सुमारास केंद्राने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला, त्यात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश यंत्र होतं. मेमरी ३२ केबी. त्यातली सगळ्यात बारीक चित्राची पद्धत निवडली की नुसता पडदाच २० केबी खाऊन टाकायचा. यंत्र स्वतःसाठी साडेतीन केबी ठेवायचं. विद्यार्थ्याच्या प्रोग्रामला उरायचे साडेआठ केबी. आज व्हॉट्सॲपवर ‘गुड मॉर्निंग’चं जे फूल येतं ना, ते त्यात मावलं नसतं.

बरं, आता आपल्या भागाकडे येऊ. राहुरीत १९६८पासूनचं कृषी विद्यापीठ, आजूबाजूला सहकारी साखर कारखाने, सोसायट्या, दूध संघ. अशा ठिकाणी कॉम्प्युटर आला तर त्याला करायचं काय असतं? तुम्ही म्हणाल, आकडेमोड. पण आकडेमोडीला मेमरी फार लागतच नाही. गव्हाच्या १२ वाणांची चार वेळा पेरणी करून चाचणी घेतली तर ४८ वाफे होतात. ४८ वाफ्यांचं उत्पादन म्हणजे ४८ आकडे. अल्टेअरच्या २५६ बाइटमध्येसुद्धा ते आकडे बसतील. अडचण आकड्यांची नव्हतीच. अडचण नावांची होती.

समजा एका कारखान्याचे १०,००० सभासद आहेत. (समजा म्हणतोय, कुठल्या कारखान्याचं नाव घेत नाहीये.) प्रत्येकाचं पूर्ण नाव ४० अक्षरं, गाव १५, आणि गट नंबर, लागणीची तारीख, उसाची जात, टनेज मिळून ४५. एका सभासदाला १०० बाइट. १०,००० जणांचे १० लाख बाइट, म्हणजे ९७७ केबी. ६४०मध्ये बसत नाही. लोटस १-२-३सारखा तक्त्याचा प्रोग्राम अख्खा तक्ता मेमरीत धरायचा, तो अर्ध्या वाटेत ‘मेमरी फुल’ म्हणून हात वर करायचा. म्हणून आपल्याकडे डीबेस लोकप्रिय झाला, कारण तो नोंदी फ्लॉपीवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवायचा आणि लागेल तेवढ्याच वर उचलायचा.

त्यातही काटकसर बघा. डॉसमध्ये फाइलच्या नावाला आठच अक्षरं, आणि तीही रोमन. राहुरी सहा अक्षरांत बसतं. नेवासा बसतं, पारनेर बसतं. संगमनेरला नऊ लागतात, श्रीरामपूरला दहा. म्हणजे श्रीरामपूरचा ‘श्रीराम्प’ करायचा. वर्षाचे चार आकडे लिहायचे तर दोनच लिहायचे, १९८७ऐवजी ८७. ही सवय त्याहूनही जुन्या यंत्रांपासूनची. वाचवलेले ते दोन-दोन बाइट २०००च्या उंबरठ्यावर जगभर वायटूके म्हणून उलटले आणि ते निस्तरायला पुण्याच्या कितीतरी पोरांना काम मिळालं. तो वेगळा भाग होईल.

पण मूळ मुद्दा, ती ४० अक्षरांची नावं कुठल्या लिपीत लिहायची?

इंग्रजीचं सोपं होतं. एक अक्षर, एक आकार, एक बाइट. पडद्यावरचं अक्षर आठ ठिपके रुंद आणि चौदा ठिपके उंच धरलं तर एका आकाराला १४ बाइट. २५६ आकारांना मिळून साडेतीन केबी. तेवढं पडद्याच्या कार्डातच भरून ठेवायचे. प्रोग्रामच्या ६४० केबीला धक्काही लागत नसे.

देवनागरीत पंचाईत. मात्रा वर जाते, उकार खाली जातो, रफार डोक्यावर बसतो, वेलांटी आधी दिसते पण उच्चार नंतर होतो. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. आठ बाय चौदाच्या चौकटीत ‘ष्ट्री’ नीट बसवून दाखवा बरं. चौकट १६ बाय १६ केली तर एका आकाराला ३२ बाइट, आणि आकार ५०० धरले तर १६,००० बाइट. शिवाय पडदा अक्षरांचा न राहता चित्राचा करावा लागतो, त्याला आणखी मेमरी. शिवाय हे सगळं जुळवणारा प्रोग्राम मेमरीत सतत बसून राहणार. त्याच ६४०मध्ये डॉस, त्यातच डीबेस, त्यातच हा मराठीवाला भाडेकरू. मग काय व्हायचं? मराठी सुरू केलं की मूळ काम करायला जागा नाही. सोपा निर्णय कोणता? राहू द्या मराठी, नावं इंग्रजीतच टाका.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘कॉम्प्युटरला इंग्रजी लागते’ हा समज आपल्या आधीच्या पिढीत जो घट्ट बसला, त्याच्यामागे काही केबींचा हिशेब होता. नाव इंग्रजीत टाकलं की ‘काळे’ आणि ‘काले’ एकच होतात. ‘ळ’ गेला! वसुलीच्या यादीत आपलं नाव शोधणाऱ्या, फक्त मराठी वाचता येणाऱ्या माणसाला ती यादीच परकी होते.

यावर जो तोडगा निघाला तो मला भारतीय संगणकाच्या इतिहासातल्या सगळ्यात हुशार गोष्टींपैकी एक वाटतो. सुरुवात आयआयटी कानपूरला झाली. प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा यांच्या गटात देवनागरी संगणकावर काम चाललं होतं, त्याचा नमुना १९८३मध्ये दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात दाखवला गेला. त्या गटात मोहन तांबे होते. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि तांबे तिथे आले. सी-डॅक म्हटलं की सगळ्यांना विजय भटकर आणि १९९१चा परम ८००० महासंगणक आठवतो. आठवावाच. पण सामान्य ऑफिसातल्या टेबलापर्यंत पोचलं ते तिथलं दुसरं काम, जिस्ट कार्ड.

जिस्ट कार्डाने केलं काय? पीसीच्या आत एक जोडकार्ड खोचायचं. मराठी आकार जुळवायचं सगळं ओझं या कार्डावर, कारण त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी. पीसीचे ६४० केबी जवळजवळ जसेच्या तसे मोकळे. डीबेसला वाटायचं आपण नेहमीसारखे बाइट पडद्याकडे पाठवतोय, मधल्या मधे कार्ड ते पकडायचं आणि पडद्यावर ‘राहुरी’ दिसायचं. अमेरिकेत लिहिलेल्या डीबेसला आणि वर्डस्टारला देवनागरी कशाशी खातात हे माहीतही नव्हतं, आणि तरी ते मराठीत चालायचे. म्हणजे धरणात जागा नाही म्हणून कुणी भांडत बसलं नाही, बांधावर स्वतंत्र शेततळं खोदलं.

दुसरी हुशारी साठवण्यात. इस्की नावाची भारतीय मानक संहिता १९८८मध्ये आली, १९९१मध्ये आयएस १३१९४ म्हणून पक्की झाली. बाइटच्या २५६ जागांपैकी खालच्या १२८ इंग्रजीला तशाच ठेवल्या, वरच्या अर्ध्यात भारतीय लिपी. आणि त्या १२८मध्ये आकार भरले नाहीत, फक्त मुळाक्षरं, मात्रा आणि हलन्त भरले. ‘क्ष’ला वेगळी जागा नाही. क, हलन्त, ष असे तीन बाइट ठेवा, पडद्यावर आणताना जोडा. ‘राहुरी’ म्हणजे र, काना, ह, उकार, र, वेलांटी. सहा बाइट. रोमनमध्येही राहुरीला सहाच. बरोबरी!

आणि मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा तपशील म्हणजे ‘शेतकऱ्यांना’ मधला ऱ्य. कृषी विद्यापीठाच्या गावात या शब्दाशिवाय एक पत्रक निघत नाही. हिंदीला हा आकार लागत नाही, आपल्याला लागतो, नाहीतर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यात डोंगर आणि समुद्राची गल्लत. इस्कीत ऱ या वेगळ्या अक्षराला हलन्त जोडून तो मिळायचा. आज फोनवर युनिकोडमध्ये ऱ्य येतो तो याच वाटेने. युनिकोडचा देवनागरी तक्ता मुळात १९८८च्या इस्कीवरूनच बेतलाय.

इकडे ६४०ची भिंतही लोक पोखरत होतेच. १९८५मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक युक्ती ठरवली. ती सांगायला पुन्हा कालव्यावर जाऊ. उजव्या कालव्याचं पाणी राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डी असं सगळीकडे जायचंय, पण एका वेळी सगळ्यांच्या चाऱ्या सोडता येत नाहीत. म्हणून शेजपाळी. तशीच ही मेमरीची शेजपाळी होती. राखीव भागात ६४ केबीची एक खिडकी ठेवायची, आणि बाहेरच्या जादा मेमरीतले १६-१६ केबीचे तुकडे पाळीपाळीने त्या खिडकीत आणायचे. चिपला फक्त खिडकी दिसते, तिच्यामागचं पान बदललं हे तिला कळत नाही. वेळ जायचा, पण भागायचं. पुढे ८०२८६ चिपला २४ तारा आल्या, ८०३८६ला ३२. तरी डॉस आपला जुन्या सवयीने पहिल्या १ एमबीतच नांदत राहिला, आणि १९९१च्या डॉस ५मध्येसुद्धा ‘याला वर ढकल, त्याला तिथे बसव’ अशी कसरत करून खालचे केबी मोकळे करावे लागायचे.

आता किमतीकडे. विंडोज आलं, डीटीपी आलं, आणि मराठीने एक आडवळण घेतलं. इस्कीसाठी अक्षरं जोडणारं यंत्र लागायचं, आणि तेव्हाच्या विंडोजमध्ये तसं काही नव्हतं. मग फॉन्टवाल्यांनी जवळची वाट धरली. फॉन्टमध्ये २५६ खाने असतात ना, त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी थेट मराठी आकार भरा. अर्धा क इथे, रफार तिथे. जोडायला काही लागत नाही, हलकं, कुठल्याही पीसीवर पळतं. वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, प्रबंध, सोसायट्यांचे अहवाल, सगळं यावर निघालं. त्या काळात या फॉन्टनी मराठी छपाईला जो वेग दिला तो मान्यच करायला हवा. पण प्रत्येक कंपनीने आकार आपापल्या खान्यात ठेवले. फाइलमध्ये अक्षर साठवलंच गेलं नाही, फक्त खान्याचा नंबर साठवला गेला.

मागच्या उन्हाळ्यात ओळखीतल्या एका काकांनी मला त्यांचा नव्वदच्या दशकातला प्रबंध मेलवर पाठवला. कोरडवाहू ज्वारीवरचं काम, तीन हंगामांचं. उघडला तर पानभर रोमन अक्षरं, डॉलरची खूण, कंस, उद्गारचिन्हं. आकडे मात्र शाबूत! तक्ते सगळे वाचता येत होते, फक्त कुठला आकडा कशाचा हे सांगणारी मराठी गेली होती. दोन संध्याकाळी घालवून फॉन्ट ओळखला, रूपांतर केलं, तरी जोडाक्षरं ठिकठिकाणी फुटलेली. काका फोनवर एकेक शब्द सांगत होते नि मी दुरुस्त करत होतो. ते आहेत म्हणून जमलं.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१मध्ये आली, विंडोज २०००मध्ये मराठी नीट चालायला लागली. पण युनिकोडचं यूटीएफ-८ हे रूप, जे आज सगळं इंटरनेट वापरतं, त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट आणि देवनागरीला तीन. ‘राहुरी’ सहाची अठरा झाली. आपल्या त्या १०,००० सभासदांची यादी इस्कीत ३६० केबीच्या तीन फ्लॉप्यांत बसली असती, यूटीएफ-८मध्ये सहा लागल्या असत्या. १९८८ साली हे कुणी सुचवलं असतं तर हाकलून दिलं असतं. आज मेमरी स्वस्त, म्हणून आपल्याला टोचत नाही. एसएमएसमध्ये मात्र अजून टोचतं. एका एसएमएसला १४० बाइट. इंग्रजीत १६० अक्षरं जातात, मराठीत ७०. हवामानाचा इशारा मराठीत लिहिला की त्याचे दोन-तीन तुकडे होतात ते यामुळेच, आणि म्हणूनच काही जण अजूनही मराठी मेसेज रोमनमध्ये पाठवतात.

आणि तारांची मर्यादा इतिहासजमा झाली असं समजू नका. ३२ तारांची हद्द ४ जीबी. फोनवाल्यांनीही २०१३च्या आयफोन ५एसपासून ६४ बिटांकडे उड्या घेतल्या, आणि गुगलने ऑगस्ट २०१९पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या ॲपना आणि अपडेटना ६४ बिट सक्तीचं केलं. त्यानंतर तुमचं एखादं जुनं ॲप अचानक दिसेनासं झालं असेल, तर ही त्याच १९८१च्या गोष्टीची पुढची पिढी.

शेवटी एक काम सांगतो. घरात, शाळेत, गावच्या सोसायटीत १९९० ते २००५च्या दरम्यानच्या मराठी फाइली असतील तर त्या आत्ताच काढा. मूळ फाइलला हात लावू नका, आधी प्रत करा. त्या पीसीवर जो फॉन्ट होता त्याची फाइलही सोबत जपून ठेवा, कारण त्याशिवाय कुठला खाना कुठल्या अक्षराचा हे ओळखणं अवघड जातं. छापील प्रत असेल तर तिचे फोटो काढून शेजारी ठेवा. युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम मिळतात, पण ऱ्य, रफार आणि ळ असलेले शब्द स्वतः वाचून तपासा, तिथेच ते जास्त चुकतात. आणि ज्यांनी ते टाइप केलं होतं त्या मावशी-काकांना शेजारी बसवा. पुढच्या भागात फ्लॉपी वाचायचं यंत्र आज कसं जमवायचं ते बोलू.